अमेरिकेत कॉलेज बदललं आणि एड (शिक्षणासाठीची आर्थिक मदत) गेली कुठे? या, आपापले अनुभव लिहा

रानजाई:
काल गॅरेज आवरताना जुनी निळी फाइल सापडली आणि पोटात गोळाच आला. ग्रीन कार्ड झाल्यावर मी कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या, स्वस्तातल्या) अकाउंटिंग धरलं होतं, दोन वर्षं पेल ग्रँटवर (सरकारची, परत न फेडायची मदत) जवळजवळ फुकटात झाली, मग चार वर्षांच्या कॉलेजात ट्रान्सफर घेतली. मला वाटलं क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक) जातात तशी ग्रँटही मागोमाग येईल. ऑगस्टात बिल आलं, एडच्या रकान्यात मोठ्ठं शून्य. फॅफ्सात (सरकारी मदतीच्या अर्जात) नव्या कॉलेजचा कोडच टाकला नव्हता! लेकीला स्ट्रोलरमध्ये घालून एड ऑफिसच्या खिडकीशी उभी, ती बया म्हणते आमच्याकडे तुमचं काहीच आलेलं नाही, आणि लेक बिलाचा कोपरा चघळतेय. कोड टाकायला पाच मिनिटं लागली, पेल आली, पण कॉलेजची स्वतःची ग्रँट तोवर वाटून संपलेली. आता तीच लेक ट्रान्सफरचे फॉर्म भरतेय. तुमचं काय झालं, सांगा ना.

बंडूचाबाबा:
आमच्या घरी फॅफ्साला 'फसा' म्हणतात. दरवर्षी नव्याने.

सायली78:
साठ क्रेडिट घेऊन गेला आमचा, नव्या कॉलेजने एक्केचाळीसच धरले. म्हणजे ज्युनिअर (तिसरं वर्ष) नाही, सोफोमोरच (दुसरं). आणि त्यावरून फेडरल लोनची मर्यादाही खाली, 7,500 डॉलरच्या जागी 6,500. वर एक सेमिस्टर जास्तीचं, ते वेगळंच. किती क्रेडिट धरणार ते डिपॉझिट भरायच्या आधी लेखी घ्या गं बायांनो. कुकर झाला, नंतर येते

मीराटी:
फॅफ्साच्या फॉर्मचं नाव काढू नका. एरवी 1 ऑक्टोबरला उघडणारा फॉर्म त्या वर्षी 2023 चा डिसेंबर सरता सरता आला. मुलगा इथे जन्मलेला, सिटिझन, पण मी एच-4 वर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर आलेली), माझा सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि नवीन फॉर्म मला आतच घेईना! नवऱ्याने रात्री दोनला उठून बघितलं, सकाळी सहाला बघितलं, तेच. त्यात ट्रान्सफरचं कॉलेज म्हणतंय मे अखेर सांगा येताय की नाही. अरे बाबांनो पैसे किती देताय ते कळल्याशिवाय काय सांगू?

बंडूचाबाबा:
ताई, मग गेला का तो?

मीराटी:
गेला, पहिल्या सेमिस्टरचे पैसे माझ्या दिराने घातले. ते अजून फेडतोय 🙈

ओंकार_एफ1:
इथे सगळे पेल पेल करतायत, मला एफ-1 वर (स्टुडंट व्हिसावर) त्यातलं काहीच नव्हतं. पण कम्युनिटी कॉलेजात असताना फाय थीटा कप्पाचा (कम्युनिटी कॉलेजातल्या हुशार मुलांची संस्था) मेंबर झालो होतो, मॅथ्सच्या बाईंनी जवळजवळ ढकललं म्हणून, मला वाटलेलं उगाच फी घेतात. तर ट्रान्सफरच्या कॉलेजात त्याच्या मेंबरांसाठी वेगळी स्कॉलरशिप निघाली, ट्यूशनचा बऱ्यापैकी भाग सुटला. बाईंना अजून दिवाळीला मेसेज करतो.

शुभदाकाकू:
मी सहा वर्षं अशाच खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेय (रानजाई, ती बया मी नव्हे हो!). मेरिटचे पैसे कॉलेजं बहुतेक फ्रेशमन (पहिल्या वर्षाची पोरं) ओढायला वापरतात, ट्रान्सफरवाल्यांच्या वाट्याला उरलंसुरलं. जानेवारीत येणाऱ्यांना तर बऱ्याच ठिकाणी तेही नाही. आणि स्कॉलरशिपची तारीख पुष्कळदा अ‍ॅडमिशनच्या तारखेआधीच उलटून गेलेली असते, पोरं त्याच्यानंतर रडत यायची. वर्षाच्या मधेच बदलत असाल तर जुन्या कॉलेजला सांगून तिथली पुढची एड रद्द करून घ्या, नाहीतर नवीन कॉलेजचे पैसे अडकतात. पेल आयुष्यात मिळून बारा सेमिस्टरच, बदलाबदलीत ती भराभर संपतात. फॉर्मवर दोन वर्षांपूर्वीचा टॅक्स असतो, मधे नोकरी गेली असेल तर अपील करा, लाजू नका. मार्क चांगले असतील आणि घरची परिस्थिती बेताची, तर जॅक केंट कुक फाउंडेशनची ट्रान्सफर स्कॉलरशिप बघा, वर्षाला 55,000 डॉलरपर्यंत देतात. मिळते फार थोड्यांना, पण मिळाली तर पोरगं मोकळं.

सायली78:
काकू अपील पत्रात काय लिहायचं? आमच्या ह्यांचा लेऑफ झालाय मार्चमध्ये

शुभदाकाकू:
रडगाणं नको, आकडे. लेऑफचं पत्र, शेवटची पे स्लिप, बेकारीभत्त्याचं पत्र. तुला मेसेज करते संध्याकाळी.

बंडूचाबाबा:
बाकी सगळं ठीक, पण रानजाई, गॅरेज आवरून झालं का? आमचं दोन वर्षं चाललंय.

रानजाई:
कुठलं आवरतंय, पायरीवर बसून फाइलच वाचत होते. बिलाच्या कोपऱ्यावर अजून दातांच्या खुणा आहेत. लेकीला फोटो पाठवला तर म्हणते, आई, कोड टाकलाय गं मी.