एनबीएचे तज्ज्ञ नेमके काय तपासतात?

प्रश्न – इंदूरकर प्राध्यापिका
मी इंदूरच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य विभागात शिकवते. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशनकडे, म्हणजे एनबीएकडे, आमचा स्वयंमूल्यांकन अहवाल गेला असून आता तज्ज्ञांची भेट व्हायची आहे. महाविद्यालय भोपाळच्या विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे सत्रान्त प्रश्नपत्रिका तिथूनच येतात आणि त्यांचा आमच्या कोर्स आउटकमशी, म्हणजे विषय शिकल्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवे याच्या उद्दिष्टांशी, मेळ बसतोच असे नाही. अशा वेळी ही उद्दिष्टे साधली की नाही, हे तज्ज्ञ कशावरून ठरवतात? नॅकची (महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या परिषदेची) भेट अनुभवलेले सहकारी ‘फायली चकाचक ठेवा’ एवढेच सांगतात.

उत्तर – जुनी इंदूर
नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते, तर एनबीए एकेका पदवी कार्यक्रमाचे. त्यामुळे तो सल्ला इथे फारसा उपयोगी नाही. संलग्न महाविद्यालयांसाठीच्या २०१५ च्या नमुन्यात एकूण १००० गुणांपैकी अध्यापकांच्या निकषाला २००, आउटकमच्या निकषाला १२० आणि सुविधांना ८० गुण होते. आमच्याकडे मात्र रंगरंगोटीवरच सर्वाधिक खर्च झाला होता!

उत्तर – बडोद्याचे निवृत्त प्राध्यापक
मी काही वर्षे अशा भेटींवर जात असे. एका विषयाच्या तीन उत्तरपत्रिका मागवायच्या, उत्तम, मध्यम आणि कच्ची. मग एखाद्या प्रश्नावर बोट ठेवून तो कोणत्या आउटकमसाठी विचारला, हे त्याच शिक्षकाला विचारायचे, हा माझा शिरस्ता होता. तक्त्यात त्या आउटकमपुढे ‘विश्लेषण’ लिहिलेले असते आणि प्रश्न असतो ‘व्याख्या लिहा’. तिथेच गाडी अडते. मॅपिंगच्या, म्हणजे विषयाची उद्दिष्टे पदवीच्या उद्दिष्टांशी किती जुळतात हे १ ते ३ अंकांत दाखवणाऱ्या तक्त्याच्या, प्रत्येक चौकटीत ३ दिसला, की तो तक्ता विचार न करता भरला आहे, असे मी धरून चालत असे. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका आपल्या हातात नसते, हे आम्हांला ठाऊक असते. म्हणूनच चाचण्या, प्रयोग आणि प्रकल्प यांकडे अधिक बारकाईने पाहिले जाते. ठरवलेले लक्ष्य हुकले म्हणून कुणी नाराज होत नाही, पण हुकल्यावर पुढच्या वर्षी काय बदलले, याचे उत्तर द्यावेच लागते, आणि विद्यार्थ्यांशी शिक्षकांच्या गैरहजेरीत बोलल्यावर ते उत्तर खरे की कागदी, हेही कळते.

प्रश्नकर्तीचे उत्तर
मनःपूर्वक आभार. आजच सॉइल मेकॅनिक्सची फाईल उघडली, तर लक्ष्य हुकल्याची नोंद सापडली, पण त्यापुढचा रकाना कोरा आहे. पुढच्या वर्षी आम्ही जादा प्रात्यक्षिके घेतली होती. त्यांचे हजेरीपत्रक प्रयोगशाळा सहायकाकडे आहे. आता इतिवृत्त तयार करून जोडावे का?

उत्तर – बडोद्याचे निवृत्त प्राध्यापक
ताई, मागच्या तारखेचे इतिवृत्त मुळीच करू नका. हजेरीपत्रक आहे तसे जोडा आणि त्यासोबत आजच्या तारखेचे, सहीचे टिपण ठेवा.