आई-बाबांसाठी स्पीकर: उचलून नेता येणारा घ्यावा की एका जागी ठेवायचा?

मंडळी, मदत हवी आहे.

साताऱ्याच्या घरी आई-बाबांसाठी वायरलेस स्पीकर घ्यायचाय. बजेट दहा-बारा हजार, अगदीच भारी काही असेल तर पंधरापर्यंत ताणेन. सध्या सगळं फोनच्याच स्पीकरवर चालतं आणि बाबांची तक्रार एकच, "यात डग्गा कुठंय?" खरंच नसतो. ख्याल लावला की तबल्याची चाट तेवढी टिकटिकते, डाव्या हाताचा डग्गा गायब.

घोडं अडलंय ते दोघांच्या सवयींपाशी. आई सकाळी ओट्यापाशी अभंग लावते, मग मागच्या दारी कपडे धुवायला गेली की फोनही सोबत. बाबा हॉलमधल्या खुर्चीतून हलत नाहीत. म्हणजे आईला जेबीएल फ्लिप किंवा चार्जसारखा बॅटरीवाला सोयीचा, बाबांना प्लगला लावलेला दणकट.

बॅटरीवाला घेतला तर तो चार्ज कोण करणार? आईचा फोनच एक दिवसाआड मेलेला असतो. कायम चार्जिंगला लावून ठेवावा, तर सतत पूर्ण भरलेली आणि वर गरम होणारी लिथियम बॅटरी लवकर थकते. बहुतेकांची बॅटरी घरी बदलताही येत नाही. खोक्यावर बारा तास लिहिलेले असतात, पण ते मध्यम आवाजाचे. बाबांचा आवाज मध्यम नसतो.

प्लगवाल्याचं दुखणं म्हणजे लाइट. आमच्या इन्व्हर्टरवर फक्त दिवे, पंखे आणि टीव्हीचा पॉइंट आहे. वायफायचा स्पीकर घेतला तर राउटरही इन्व्हर्टरवर घ्यावा लागेल. तरी वायफायचा मोह होतो, कारण गाणं स्पीकर स्वतःच नेटवरून ओढतो, फोन मोकळा राहतो. ब्लूटूथवर मावशीचा फोन आला की अभंग थांबतो. शिवाय घर जुनं, भिंती दगडी. ब्लूटूथचे कागदावरचे दहा मीटर आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दारातच संपतात.

एकच घ्यावा की पैसे विभागून दोन? वापरलेल्यांनी सांगा.

प्रतिसाद १
डग्गा हवा तर डबा मोठा लागतो, त्याला इलाज नाही. छोट्या स्पीकरमध्ये पॅसिव्ह रेडिएटर (आतल्या हवेच्या दाबाने हलणारा जादा पडदा) लावून खर्ज काढतात, पण आवाज चढवला की बरेचसे स्पीकर तो खर्ज स्वतःच आवरतात, आणि बाबा तर चढवणारच. त्यांच्यासाठी प्लगवालाच घ्या आणि भिंतीलगत ठेवा, खर्ज आणखी भरतो. कोपऱ्यात मात्र नको, घुमायला लागेल.
आईंचा नळापाशी जाणार असेल तर आयपी६७ बघून घ्या. म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. ओट्यावर मात्र फोडणीपासून लांब ठेवायला सांगा. कापडी जाळीवर तेलाचा थर बसला की निघत नाही, आमचा तसाच चिकट झालाय.

प्रतिसाद २
आईंना फोनचीच कटकट नको असेल तर सारेगामाचा कारवां मराठी बघा, रेडिओसारखा स्पीकर आहे. गाणी आतच भरलेली, एफएम आहे, नेट लागत नाही. सासूबाईंना दिलाय, त्या खूश आहेत. बाबांना मात्र तो ऐकवू नका, डग्ग्यावरून पुन्हा ऐकून घ्यावं लागेल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. म्हणजे आईला कारवां किंवा छोटा बॅटरीवाला, आणि उरलेले पैसे बाबांच्या प्लगवाल्यावर, असं दिसतंय. त्यात एक भर: बाबांकडे जुना सीडी प्लेअर आणि पेटीभर सीड्या आहेत, त्या ते टाकणार नाहीत. तेव्हा ऑक्सचं भोक, म्हणजे प्लेअरची वायर खोचायची जागा, हवंच. फ्लिप ६ ला ते नाही, नव्या बऱ्याच स्पीकरांना नाही. आठ-नऊ हजारांत ऑक्स असलेला, प्लगवर चालणारा कुणी वापरतंय का? मॉडेल सांगा, पुण्यात दुकानात जाऊन ऐकून बघेन.