मदत हवी आहे : कबड्डी खेळणाऱ्या मुलाची जांघ दुखतेय (सांगली)
नमस्कार मंडळी. पोरगा १९ वर्षांचा, रेडर (चढाई करणारा). दीड महिन्यापूर्वी बोनस गुणासाठी पाय लांबवला आणि जांघेत सणकन कळ आली. साधं चालताना काही नाही, पण दोन गुडघ्यांत माझी मूठ धरून दाबायला सांगितलं की कळवळतो. खोकल्यावर दुखत नाही, फुगवटाही नाही. डॉक्टर म्हणाले हर्निया नाही, मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू ताणलाय; गोळ्या आणि विश्रांती. घरी बसला की बरा, मॅटवर उतरला की पुन्हा तेच! (मधे एका वस्तादांनी तेल लावून रगडलं, त्यानं दोन दिवस लंगडला.)

कोपनहेगन नावाचा व्यायाम (कुशीवर आडवं होऊन वरचा पाय बाकावर टेकवायचा आणि मांडीच्या आतल्या स्नायूच्या जोरावर अंग उचलायचं) कुणी केलाय का? थोडं दुखत असताना सुरू करायचा की आधी गुडघ्यांत उशी दाबण्यापासून? सांगली-मिरजेत खेळाडूंना बघणारे चांगले फिजिओ सुचवा. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे, तो ऐकायला तयार नाही.