वाचकांच्या मतांवरून ‘लोकप्रिय पाककृती’ ठरवण्याची योग्य पद्धत कोणती?

प्रश्न

नमस्कार मंडळी. मी मराठी पाककृतींचे एक छोटे संकेतस्थळ चालवते. ते ड्रुपल या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीवर आहे. मते साठवणारे वोटिंग एपीआय आणि तारे दाखवणारे फाइव्हस्टार ही मॉड्यूल्स (जोडभाग) बसवून प्रत्येक पाककृतीखाली पाच ताऱ्यांची सोय केली आहे आणि याद्या तयार करणाऱ्या व्ह्यूजच्या मदतीने मुखपृष्ठावर ‘लोकप्रिय पाककृती’ या मथळ्याखाली दहा नावे दाखवली जातात.

अडचण क्रमाची आहे. यादी ताऱ्यांच्या सरासरीने लावली, तर कालच आलेल्या नाचणीच्या आंबिलीला दोघांनी पाच-पाच तारे देताच ती पहिल्या क्रमांकावर जाऊन बसते आणि असंख्य वाचकांनी करून पाहिलेली पुरणपोळी, एखाददुसऱ्याने तीन तारे दिल्यामुळे, यादीबाहेर पडते. एकूण मतांच्या संख्येने लावली, तर संकेतस्थळ सुरू झाले तेव्हाच्या पाककृती वर्षानुवर्षे जागा अडवून बसतात आणि नव्या लेखिकांच्या पाककृती कोणाच्या नजरेसच पडत नाहीत.

त्यातच माझे बहुतेक वाचक व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून थेट पानावर येतात. त्यांत वयस्कर स्त्रिया पुष्कळ आहेत, त्यामुळे मत देण्यासाठी खाते उघडायला लावणे मला पटत नाही. मात्र खात्याशिवाय मते घेतली, की एखाद्या रात्री एकाच पाककृतीवर मतांचा पाऊस पडतो. सूत्र कोणते वापरावे आणि असली मते कशी रोखावीत, यावर जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

नमस्कार ताई. सरासरीचा दोष असा, की ती किती जणांच्या मतांवर उभी आहे हे सांगत नाही. यावर जुना आणि सोपा उपाय म्हणजे भारित सरासरी. चित्रपटांच्या क्रमवारीसाठी आयएमडीबीने हेच तत्त्व अनेक वर्षे वापरले. प्रत्येक पाककृतीला आधीच काही काल्पनिक मते मिळाली आहेत आणि ती सगळी संकेतस्थळाच्या एकूण सरासरीइतकी आहेत, असे धरून चालायचे. समजा, एकूण सरासरी ३.८ आहे आणि काल्पनिक मते १० धरली. पाच ताऱ्यांची दोनच मते मिळालेल्या आंबिलीचे खरे तारे १० आणि काल्पनिक मतांचे ३८, म्हणून गुण (१० अधिक ३८) भागिले एकूण १२ मते, म्हणजे ४.० होतात. ६० मतांची ४.६ सरासरी असलेल्या पुरणपोळीचे गुण (२७६ अधिक ३८) भागिले ७०, म्हणजे जवळपास ४.४९ होतात. आंबिलीवर अन्याय होत नाही. तिला पुरेशी मते मिळाली, की ती आपोआप वर येते.

माझे स्पष्ट मत मात्र असे आहे, की पाच तारे काढूनच टाकावेत. बहुतेक लोक आवडले तर पाच देतात, राग आला तर एक देतात आणि मधल्या ताऱ्यांकडे फारसे कोणी वळत नाही. यूट्यूबला २००९ मध्ये हेच आढळले आणि २०१० मध्ये त्यांनी ताऱ्यांच्या जागी अंगठ्याची दोन चिन्हे आणली. नेटफ्लिक्सनेही २०१७ मध्ये तोच मार्ग धरला. ‘आवडली’ आणि ‘नाही आवडली’ एवढेच ठेवले, तर संख्याशास्त्रज्ञ एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये मांडलेले सूत्र वापरता येते. मिळालेल्या मतांवरून खरी पसंती किमान किती असावी, याची खालची मर्यादा ते ९५ टक्के खात्रीच्या पातळीला काढून देते. तीनपैकी तिन्ही मते अनुकूल असली, तरी ही मर्यादा ०.४४ च्या आसपास येते, तर २०० पैकी १८० अनुकूल असतील, तर ती ०.८५ पर्यंत जाते. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर प्रतिक्रियांचा ‘बेस्ट’ हा क्रम २००९ मध्ये याच सूत्रावर सुरू झाला.

ड्रुपलमध्ये हे करण्यासाठी वोटिंग एपीआयच्या निकालांत स्वतःचे फलन (गुण काढणारे सूत्र) जोडावे लागते. छोटेसे मॉड्यूल लिहावे लागेल, पण एकदा तो आकडा निकालांच्या तक्त्यात साठू लागला, की व्ह्यूजमध्ये त्यावर क्रम लावणे सोपे आहे.

प्रतिसाद २

वरील विवेचन अचूक आहे, पण त्यातून ‘सर्वोत्तम’ पाककृती मिळतात, ‘सध्या लोकप्रिय’ नव्हे. या दोन वेगळ्या याद्या आहेत आणि त्या एकाच चौकटीत कोंबल्यामुळेच ताईंची अडचण झाली आहे, असे मला वाटते. सर्वोत्तम पाककृतींच्या यादीत पुरणपोळी कायम राहिली, तरी काही बिघडत नाही. लोकप्रिय पाककृतींची यादी मात्र हलती हवी, आणि तिच्यासाठी काळ हिशेबात घेतलाच पाहिजे.

येथे एक सावधगिरी सुचवतो. जालावर शोधल्यास रेडिटचे आणि हॅकर न्यूज या बातम्यांच्या दुव्यांच्या संकेतस्थळाचे सूत्र लगेच सापडेल. रेडिटच्या खुल्या झालेल्या कोडमध्ये मतांचा लॉगरिदम (मते दसपट झाली की एकाने वाढणारी संख्या) घेऊन त्यात काळाचा भाग मिळवलेला होता. साडेबारा तासांनी नवी असलेली नोंद दसपट मते मिळालेल्या जुन्या नोंदीच्या बरोबरीला येत असे. हॅकर न्यूजच्या प्रसिद्ध सूत्रात मतांतून एक वजा करून, नोंदीच्या तासांतील वयात दोन मिळवून येणाऱ्या संख्येच्या १.८ व्या घाताने भागले जाते. दोन्ही ठिकाणी वय मोजले जाते ते नोंद प्रसिद्ध झाल्यापासून. बातम्यांसाठी ते योग्यच आहे, कारण बातमी शिळी होते. पाककृती शिळी होत नाही, ती हंगामी असते. पाच वर्षांपूर्वी लिहिलेले उकडीचे मोदक भाद्रपदात पुन्हा सगळ्यांना हवे असतात, तिळगुळाच्या वड्या संक्रांतीला आणि उपवासाचे पदार्थ आषाढी एकादशीला. प्रसिद्धीच्या तारखेवरून गुण घटवले, तर हे सगळे पदार्थ नेमके त्यांच्या दिवसांत यादीत दिसणार नाहीत.

म्हणून वय पाककृतीचे न मोजता प्रत्येक मताचे मोजावे. वोटिंग एपीआय प्रत्येक मत वेळेसह साठवते, त्यामुळे ही माहिती ताईंजवळ आजही आहे. मताचे वजन दर तीन आठवड्यांनी निम्मे होईल असे ठरवले, तर आजचे मत एक, तीन आठवड्यांपूर्वीचे अर्धे, सहा आठवड्यांपूर्वीचे पाव आणि गेल्या वर्षीचे जवळजवळ शून्य धरले जाईल. या वजनांची बेरीज म्हणजे सध्याची लोकप्रियता. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात लोक मोदकांच्या पानावर येऊन मते देऊ लागले, की मोदक आपोआप वर येतील आणि दसऱ्यापर्यंत आपोआप खाली सरकतील. ही बेरीज पान उघडताना करू नये, रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामातून) एकदा करून साठवावी. मते थोडी असतील, तर मुदत तीनऐवजी पाच-सहा आठवडे ठेवावी, म्हणजे एकेका मताने यादी उलटीपालटी होणार नाही.

प्रतिसाद ३

मी खोट्या मतांपुरते लिहितो. आयपी पत्त्यावर (जालावरील जोडणीच्या क्रमांकावर) बंधन घालण्याचा मोह होतो, पण आपल्याकडील मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागून जाल पुरवतात. ‘एका पत्त्याला एकच मत’ असा नियम केला, तर एका वाचकाने मत दिल्यावर त्याच पत्त्यामागच्या अनोळखी वाचकाला ‘तुम्ही मत दिले आहे’ असे उत्तर मिळते. त्यामुळे ब्राउझरमधील कुकी (संकेतस्थळाने तेथे ठेवलेली छोटी खूण) ही मुख्य ओळख ठेवावी आणि आयपी पत्त्याचा उपयोग केवळ वेगावर मर्यादा घालण्यासाठी करावा, म्हणजे एका पत्त्यावरून एका पाककृतीला तासाभरात ठरावीक मतांपेक्षा जास्त मते आली, तर पुढची मते बाजूला साठवून ठेवावीत. ती लगेच पुसू नयेत. आधी पाहावीत. एखाद्या मोठ्या व्हॉट्सॲप गटात दुवा गेल्यामुळेही मते एकदम येतात आणि ती खरी असतात. अशा वेळी पानाच्या भेटीही त्याच प्रमाणात वाढलेल्या दिसतात. भेटी न वाढता केवळ मते वाढली, तर संशय घ्यावा.

मत नोंदवणे साध्या दुव्यावर ठेवू नये, पोस्ट विनंतीनेच (बटण दाबून माहिती पाठवण्याच्या पद्धतीनेच) व्हावे. अन्यथा शोधयंत्रांचे बॉट (आपोआप पाने वाचणारे प्रोग्राम) पानावरील दुवे उघडत जातात आणि नकळत मते देऊन जातात. खाते असलेल्या वाचकांच्या मताला थोडे अधिक वजन देणे हाही रास्त मार्ग आहे, त्यामुळे कोणावर सक्ती होत नाही.

प्रश्नकर्त्या

सर्वांचे मनापासून आभार. तारे काढून ‘आवडली’ व ‘नाही आवडली’ एवढेच ठेवावे आणि दोन वेगळ्या याद्या कराव्यात, हे मला पटले आहे. एक शंका उरते. यादीत प्रत्येक नावापुढे मतांचा आकडा दाखवावा का? वाचकांना तो आवडतो, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद ४

माझ्या मते मत देण्याआधी आकडा दिसू नये. २००६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी १४ हजारांहून अधिक लोकांना अनोळखी वाद्यवृंदांची ४८ गाणी ऐकवली. काहींना आधीच्या श्रोत्यांनी गाणी किती वेळा उतरवून घेतली (डाउनलोड केली) हे दिसत होते, काहींना दिसत नव्हते. आकडे दिसणाऱ्यांचे आठ स्वतंत्र गट केले होते आणि गटागटांत वेगवेगळी गाणी वर गेली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा माथ्यावर पोहोचली नाहीत, मधल्या गाण्यांचे मात्र काहीही होऊ शकत होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, प्रतिक्रियांना सुरुवातीलाच एक खोटे अनुकूल मत दिल्यावर त्यांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. म्हणजे यादी केवळ पसंती दाखवत नाही, ती पसंती घडवते. पाककृतींच्या गर्दीत मधल्या फळीतल्याच अधिक असतात, आणि नव्या लेखिकांचे नुकसान नेमके तेथे होते.

म्हणून मत दिल्यानंतरच आकडा दाखवावा. शिवाय दहापैकी आठ जागा गुणांनी भराव्यात आणि उरलेल्या दोन अजून फारशी मते न मिळालेल्या पाककृतींतून यादृच्छिकपणे निवडून, यादीच्या शेवटी न ठेवता तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर दाखवाव्यात, कारण मोबाइलवर पहिल्या पाच नावांखाली फार थोडे लोक सरकतात. त्या दोन नावांपुढे ‘नवीन’ अशी खूण ठेवावी, म्हणजे यादीच्या मथळ्याशी अप्रामाणिकपणाही होणार नाही. एक तांत्रिक बाब लक्षात ठेवावी: ड्रुपल अनामिक वाचकांसाठी पूर्ण पान कॅशमध्ये (तयार प्रतीच्या रूपात) ठेवते, त्यामुळे या दोन जागा सर्वांना बराच काळ सारख्याच दिसतील. त्या पान उघडल्यानंतर जावास्क्रिप्टने वेगळ्या मागवाव्यात, किंवा तासातासाने बदलल्या तरी चालतील अशी मुदत ठरवून घ्यावी.