मदत हवी आहे : सात इंची रेकॉर्ड, चार गाणी, ४५ की ३३?

पॉवर पॉप-पंक बँडची चार गाण्यांची ईपी लेबलशिवाय, स्वखर्चाने विनाइलवर काढायची आहे. ए बाजू ३ मिनिटं ५५ सेकंद, बी बाजू ४ मिनिटं ५० सेकंद.

४५ आरपीएमला (मिनिटाला ४५ फेरे) ए बाजू नीट बसते. बी बसवायची तर लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी, खाली आणावी लागेल, कारण वेळ वाढला की खाचा एकमेकींना खेटून कापाव्या लागतात. ३३ ला जागा मिळते, पण खाच सुईखालून हळू सरकते आणि वरच्या फ्रिक्वेन्सी मार खातात. बारा तारी गिटारची किणकिण, खंजिरी, वरच्या पट्टीतल्या हार्मनी, म्हणजे या संगीताचा जीवच तिथे आहे! बझकॉक्स या इंग्लिश पंक बँडने १९७७ मध्ये स्वतःच्या न्यू हॉर्मोन्स लेबलवर काढलेल्या 'स्पायरल स्क्रॅच'मध्येही सात इंचीवर चार गाणी होती, तेव्हा चार गाणी बसतात हे नक्की.

आतापर्यंत केलेलं : १५० हर्ट्झखाली सगळं मोनो (डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज), गायकाच्या आवाजावर ६ ते ९ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसर ('स'चा सिसकारा कमी करणारा), मास्टरवरचा (अंतिम मिक्सवरचा) आवाजाची शिखरं दाबणारा लिमिटर काढला, प्रत्येक बाजूची एकच २४ बिट वेव्ह फाइल.

ज्यांनी कटिंग (मूळ तबकडीवर खाचा कापणं) करून घेतलंय त्यांना विचारायचंय : बी बाजू ४५ लाच ठेवून २-३ डीबी सोडावेत, की फक्त तीच ३३ ला कापावी? शिवाय लेबलाजवळच्या आतल्या खाचांत 'स' फाटतो. खंजिरी असलेलं गाणं आधी, म्हणजे बाहेरच्या खाचांत, घेतल्याने पुरेसा फरक पडतो का, की खंजिरी मिक्समध्येच खाली घ्यावी? टेस्ट प्रेसिंगवर (आधी येणाऱ्या नमुना प्रतींवर) हे तपासायला कोणत्या प्रकारची सुई वापरता?