दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का येतो?

प्रश्न

माझी मुलगी सातवीत असून तिला सध्या पूर्णांक संख्यांचे गुणाकार शिकवले जात आहेत. (−३) × ४ = −१२ हे मी तिला कर्जाच्या उदाहरणाने समजावले: चार जणांकडून प्रत्येकी तीन रुपये उसने घेतले, तर एकूण देणे बारा रुपयांचे होते. हे तिला लगेच पटले. मात्र (−३) × (−४) = १२ येथे आल्यावर तिने विचारले, की कर्जाला कर्जाने गुणल्यावर माणूस श्रीमंत कसा होईल? ‘वजा गुणिले वजा अधिक’ हे मीही शाळेत नुसते पाठ केले होते. हा केवळ संकेत आहे, की त्यामागे काही सिद्धता आहे?

प्रतिसाद १

हीच शंका फ्रेंच कादंबरीकार स्तांधाल यालाही विद्यार्थिदशेत छळत होती. दहा हजार फ्रँकच्या कर्जाला पाचशे फ्रँकच्या कर्जाने गुणून पन्नास लाखांची मालमत्ता कशी हाती येईल, असा प्रश्न त्याने आत्मचरित्रात नोंदवला आहे, आणि शिक्षकांकडून आपले समाधान झाले नाही अशी तक्रारही केली आहे. प्रश्न चोख आहे, पण गफलत मांडणीत आहे. रुपयांना रुपयांनी गुणण्याला कर्जाच्या बाबतीतच काय, शिलकीच्या बाबतीतही अर्थ नाही. दोहोंपैकी एक संख्या रकमेची आणि दुसरी वेळांची असावी लागते. ‘चार वेळा देणे वाढले’ हा गुणक ४ असेल, तर ‘चार वेळा देणे कमी झाले’ हा गुणक −४ होय. तीन-तीन रुपयांची चार देणी सावकाराने माफ केली, तर ऋणकोची स्थिती बारा रुपयांनी सुधारते.

प्रतिसाद २

वरील स्पष्टीकरणाने नियम पटतो, परंतु सिद्ध होत नाही, कारण माफीला ऋण गुणक म्हणायचे हेही आपणच ठरवले. सिद्धता अगदी लहान आहे. कोणत्याही संख्येला शून्याने गुणले असता शून्य येते, म्हणून (−३) × [४ + (−४)] = ०. आता वितरण गुणधर्माने, म्हणजे बाहेरच्या संख्येने आतल्या प्रत्येक पदाला वेगवेगळे गुणून, कंस सोडवला, की (−३) × ४ + (−३) × (−४) = ० असे मिळते. पहिले पद −१२ आहे हे आपल्या मुलीने मान्य केलेच आहे. मग −१२ मध्ये जी संख्या मिळवल्यावर शून्य येते, ती १२ खेरीज दुसरी कोणती असणार?

प्रश्नकर्ता

सिद्धता समजली, आभारी आहे. पण वितरण गुणधर्म ऋण संख्यांनाही लागू पडतो, हे कोणी ठरवले?

प्रतिसाद २

ते आपणच ठरवले, मात्र मनमानीने नव्हे. ९८ × ९७ हा गुणाकार घ्या. त्यात एकही ऋण संख्या नाही आणि त्याचे उत्तर ९५०६ आहे, ते कोणाच्या संकेताने बदलणारे नाही. आता तोच (१०० − २) × (१०० − ३) असा लिहा. पदे सोडवली, की १०००० − ३०० − २०० येते आणि शेवटी (−२) × (−३) उरते. ते −६ मानले तर उत्तर ९४९४ येईल, म्हणजे चुकेल. ६ मानले तरच ९५०६ जुळते.

मुलीला हे आकृती काढून दाखवावे. शंभर बाय शंभरच्या चौरसातून एका बाजूने तीन रुंदीची आणि लगतच्या बाजूने दोन रुंदीची पट्टी वजा केली, तर दोन्ही पट्ट्यांत सामाईक असलेला दोन बाय तीनचा कोपरा दोनदा वजा होतो, म्हणून तो एकदा परत मिळवावा लागतो. तो परत मिळवलेला कोपरा म्हणजेच हे ६. माझ्या मते सातवीच्या मुलांना कर्जापेक्षा ही आकृती अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यात काहीही मानून घ्यावे लागत नाही.

प्रतिसाद ३

थोडी ऐतिहासिक भर घालतो. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज, वजाबाकी व गुणाकाराचे नियम एकत्र दिले आहेत आणि दोन ऋणांचा गुणाकार धन येतो हे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त तोच नियम सांगितला, आणि त्यातून पुढचा निष्कर्षही काढला: धन संख्येचा वर्ग धन आणि ऋण संख्येचाही वर्ग धनच, म्हणून ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कोणाचाच वर्ग नसते.

एक सावधगिरीची सूचना मात्र करावीशी वाटते. ‘वजा वजा अधिक’ हे घोषवाक्य पाठ झालेली मुले −३ − ४ चे उत्तर सर्रास ७ लिहितात. तेथे गुणाकार नाही, बेरीज आहे, आणि उत्तर −७ आहे. तेव्हा मुलीकडून नियम म्हणून घेताना ‘गुणिले’ हा शब्द वगळू देऊ नये.