बारा पोरांची शाळा आणि सहीपुरती समिती

डोंगरवाट

आमच्या वाडीवर जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आहे. पट १२. शिक्षक कागदावर दोन, त्यातले एक गुरुजी जानेवारीपासून दुसऱ्या शाळेवर 'कामगिरी'ला. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. म्हणजे बैठकीत सतरंजीवर पुढे बसणारी.

गेल्या महिन्यात राहिलेले गुरुजी एक कागद घेऊन घरी आले. तीन किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत आमची मुलं 'समायोजित' करायला समितीची हरकत नाही, असा ठराव. मजकूर आधीच टाइप केलेला, तारीख आणि सह्या तेवढ्या रिकाम्या. गुरुजींची मान खाली. म्हणाले, "ताई, वरून आलंय."

मी सही केली नाही. तेव्हापासून वाडीत दोन तट पडलेत, आणि इथंही पडतील म्हणून हा धागा.

माझा मुद्दा शाळा वाचवा एवढाच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ सांगतं की समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. कलम २२ सांगतं की समितीनं शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकारनं अनुदान द्यायचं ते त्या आराखड्याच्या आधारावर. आम्ही तीन वर्षं आराखडा लिहितोय. पहिल्या ओळीत कायम एकच मागणी: पत्र्याऐवजी कौलं, कारण पाऊस सुरू झाला की पत्र्याच्या आवाजात गुरुजींचं बोलणं तिसऱ्या रांगेला पोचत नाही. पैसे मात्र येतात डोकी मोजून. पट तिसाच्या आत, म्हणून वर्षाचं संयुक्त अनुदान १० हजार. त्यातले दहा टक्के स्वच्छतेला. उरलेल्यात लाइट बिल, खडू, रजिस्टरं, झाडू, नळाची तोटी. २६ जानेवारीची जिलेबी वर्गणीतून.

मग समिती कशाला ठेवलीय? सही करायलाच ना? आणि नेमकी ती सही मी केली नाही तर मी आडमुठी!

("इंग्रजी शाळेत घाला" असं कृपया सांगू नका. ती व्हॅन आमच्या घाटात चढत नाही.)

करदाता_पुणे

ताई, तळमळ कळते. पण जरा आकडेही बघू. २०२३ मध्ये शिक्षण खात्यानंच सांगितलं होतं की २० किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा राज्यात आहेत. त्यात साधारण १ लाख ८५ हजार मुलं आणि २९ हजार ७०० शिक्षक. भागाकार करा, सहा मुलांमागे एक शिक्षक पडतो. माझी मुलगी शहरात अनुदानित शाळेत आहे, तिच्या वर्गात ५८.

आणि पैसा बाजूला ठेवू. इयत्तेत तीन पोरं. खो-खोला नऊ लागतात. गॅदरिंगला नाटक बसवायचं तर राजा, प्रधान आणि प्रेक्षक. मूल मुलांतच शिकतं की नाही? पानशेत आणि तोरणमाळला आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा झाल्या, तो मार्ग सगळ्यांनी आपापल्या वाडीपुरता का अडवायचा?

बाकी, ज्या व्यवस्थेत २०११ साली पट खरा की खोटा हे बघायला मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी करावी लागली, तिथं 'डोकी मोजून पैसे' याला माझा तरी आक्षेप नाही.

खडूफळा

मी जि.प. शिक्षक, सतरावं वर्ष. करदाता साहेब, तुमचा भागाकार बरोबर आहे आणि तरी चुकीचा आहे. मुलं सहा असली तरी इयत्ता चार असतात. कायद्यानं ६० पटापर्यंत दोन शिक्षक दिलेत ते म्हणूनच. दोघांतला एक कामगिरीवर गेला, की उरलेल्याकडे पहिलीची अक्षरओळख, चौथीचे अपूर्णांक, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब आणि मोबाइलवरची माहिती, हे सगळं एका खोलीत. काल सव्वाअकराला मी दुसरीला वजाबाकी घातली आणि फोन वाजला: "आत्ताच्या आत्ता लिंक भरा." लिंक भरून वर बघितलं तर पोरांनी वजाबाकी संपवून पाटीवर माझंच चित्र काढलेलं. चांगलं होतं.

पण डोंगरवाट ताई, समितीबद्दलही बोलतो. अध्यक्षपदासाठी भांडण होतं, नंतर बैठकीला चार जण. इतिवृत्त मी लिहितो, सह्यांसाठी वही घेऊन दारोदार मीच फिरतो. कधी कधी शेतावर, बांधावर बसून. तुमच्यासारखी कागद वाचणारी अध्यक्ष मला सतरा वर्षांत एकदा मिळाली, आणि खरं सांगू, तेव्हा मलाच तिचा त्रास वाटायचा.

अकरा_शाळांचा_धनी

निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा. नाव मुद्दाम असं घेतलंय, धनी वगैरे काही नसतो, हमाल असतो.

कोणाला आवडणार नाही, तरी लिहितो. माझ्या केंद्रात दहाच्या आतल्या पटाच्या चार शाळा होत्या. त्यातल्या एकीत दोन्ही गुरुजी कधी एकत्र सापडले नाहीत. सोमवार-मंगळवार एक, पुढचे दोन दिवस दुसरा. गावाला माहीत, सरपंचाला माहीत, समितीला माहीत. तक्रार एकही नाही, कारण गुरुजी गोड बोलायचे आणि दाखले घरपोच द्यायचे. मी अहवाल वर दिला, तर मलाच विचारलं की महिन्याला भेटी किती केल्या. लहान शाळेवर लक्ष ठेवायला ना वर माणूस आहे ना गावात इच्छा. मोठ्या शाळेत निदान सात शिक्षक एकमेकांवर डोळा ठेवून असतात.

वाडी तिथं शाळा हे २००० च्या आसपास वस्तीशाळा निघाल्या तेव्हा बरोबरच होतं, रस्ते नव्हते. आज बऱ्याच ठिकाणी डांबर पोचलंय. सगळीकडे नाही, कबूल.

डोंगरवाट

@अकरा_शाळांचा_धनी सर, तुमचं खरं मानते. आमचे गुरुजी तसे नाहीत, पण तसे आहेत हे मलाही माहीत आहे.

फक्त 'डांबर पोचलंय' यावर सांगते. तीन किलोमीटर नकाशावर. मधे पऱ्या, म्हणजे ओढा आहे. आत्ता, लावणीच्या दिवसांत, मोठी माणसं दोराला धरून उतरतात. पहिलीचं पोर सहा वर्षांचं. कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत म्हटलंय, ते कोणी लाड म्हणून लिहिलेलं नाही. वाहतूक भत्ता महिना ६०० मिळेल असं सांगतात. ६०० रुपयांत आमच्याकडे कोणती जीप पावसात येणार? आणि जीप आली नाही त्या दिवशी घरी कोण राहतं? मुलगा चालत जाईल, मुलीला म्हणतील, राहू दे आज, धाकट्याला सांभाळ. एकदा राहिली की राहिलीच.

@करदाता_पुणे, तुमच्या मुलीच्या वर्गात ५८ आहेत ही तुमच्या शाळेची तक्रार झाली. आमच्या १२ जणांनी ती तिथं वाढवली का?

करदाता_पुणे

नाही वाढवली. पण शिक्षकांच्या जागा कुठून तरी निघायला हव्यात ना?

लेखाशीर्ष

यातच सगळी गफलत होतेय. मी पंचायत समितीत लेखा शाखेत होतो, म्हणून पैशाचं थोडं.

शाळेचा खर्च म्हणून आपण जे मोजतो त्यात पगार हाच डोंगर, बाकी खडे. पगार राज्य सरकारचा, जिल्हा परिषद फक्त वाटपाची वाट. संयुक्त अनुदान 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून, त्यात केंद्र ६० आणि राज्य ४०. ते वर्षाच्या शेवटाकडे येतं आणि ३१ मार्चच्या आत संपवायचं, म्हणून मार्चमध्ये प्रत्येक शाळा रंगवलेली दिसते. इमारतीची दुरुस्ती जिल्हा नियोजनातून नाहीतर सेस फंडातून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या पैशातून, तिथं ज्याचा आवाज मोठा त्याचं छप्पर आधी. ताईंचं कौल यादीत का येत नाही, ते यातून कळेल.

आता बचत. शाळा बंद केली म्हणून गुरुजींचा पगार थांबत नाही. ते अतिरिक्त ठरतात आणि दुसरीकडे समायोजित होतात. वाचतात ते १० हजार आणि लाइट बिल. खरी बचत पुढच्या भरतीत: दोन जागा कमी. ती हवी असेल तर सरकारनं सरळ तसं म्हणावं. सप्टेंबर २०२४ मध्ये थोडं म्हणालेही होते, अगदी कमी पटाच्या शाळांवर एक जागा कंत्राटी, मानधन १५ हजार. ओरड झाली, काही महिन्यांत निर्णय मागे.

समितीच्या अधिकाराचं म्हणाल तर गणवेश बघा. आधी समिती कापड बघून गावाजवळच्या शिंप्याकडून शिवून घ्यायची, गणवेशाला ३०० रुपये. २०२४-२५ ला 'एक राज्य एक गणवेश' म्हणून ते मुंबईनं हातात घेतलं. उशीर, मापं चुकलेली, ठिकठिकाणी तक्रारी. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा समितीकडे. म्हणजे समितीला जमतं हे सरकारनंच लिहून दिलं, फक्त उलट्या मार्गानं.

आणि वर बघायला लोकप्रतिनिधी तरी कुठं होते? मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढची तीनहून अधिक वर्षं प्रशासक. शिक्षण समितीच नाही, तर सभापतीला गाठणार कोण?

व्हॅनवाला_बाप

सगळं वाचलं. कोणी हे बोलेना की पोरांना येतं काय. माझा पोरगा जि.प.त तिसरीला होता, जोडाक्षर आलं की थांबायचा. काढला, तालुक्याला इंग्रजीत घातला. आता सकाळी पावणेसातला व्हॅन. मी गेलो, मागून चार घरं गेली, पट १९ वरून १४ झाला. मला गावात दोष देतात. देऊ देत.

खडूफळा

दोष नाही देत. पण आता इंग्रजीत जोडाक्षर नसतं, म्हणून थांबत नाही, एवढंच नाही ना? 🙂

व्हॅनवाला_बाप

गुरुजी, हसू नका. वाचतो फडाफडा. अर्थ विचारला की माझ्याकडे बघतो.

अकरा_शाळांचा_धनी

हा शेवटचा प्रतिसाद खात्याच्या कुठल्याही अहवालापेक्षा खरा आहे. मुलांना वाचता येतं का हे बघणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाचे लोकही शाळेत जात नाहीत, घरी जाऊन मुलाच्या हातात दुसरीचा उतारा देतात. पण ते जिल्ह्याचं चित्र सांगतात. या वाडीची शाळा शिकवते की नाही, हे त्यातून कोणालाच कळत नाही. त्यामुळे बंद करायच्या यादीत चांगली शाळाही पटावरच जाते आणि वाईटही पटावरच. हे माझ्या बाजूचं असूनही मला खटकत आलंय.

करदाता_पुणे

मग चांगल्या असतील त्या आपोआप वाढतील की. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जि.प. शाळा बघा. पट तीनवर आला होता, तिथून शंभराच्या वर गेला, २०२५ मध्ये जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला.

डोंगरवाट

अभिमानच आहे. पण तीन पट होता तेव्हा कोणी टाइप केलेला कागद आणला असता आणि समितीनं सही केली असती, तर? आणि आमच्या वाडीत घरंच अठरा आहेत. पट शंभर करायला अजून काय करू?

लेखाशीर्ष

😀 ताई, त्यापेक्षा एक करा. नुसती सही न करणं म्हणजे काहीच नाही. कागद 'प्रतिसाद अप्राप्त' म्हणून पुढे सरकेल. बैठक घ्या, विषय घ्या आणि नकाराचा ठराव इतिवृत्तात लिहा, कारणांसह: अंतर, पऱ्या, इयत्तावार नावं नकोत पण संख्या, मुली किती. खाली कलम २२ चा आराखडा जोडा. आणि दुसऱ्या गुरुजींना परत पाठवा ही मागणी वेगळ्या ठरावात, एकात घुसडू नका, नाहीतर ते सोपं उत्तर देतील आणि अवघड सोडतील. आवक शिक्का घेतल्याशिवाय तालुक्याहून निघू नका.

करदाता_पुणे

मी अजून विलीनीकरणाच्याच बाजूनं. पण पऱ्यावर पूल आधी, ठराव नंतर, एवढं मान्य.

डोंगरवाट

लिहून घेतलं. बैठक शनिवारी संध्याकाळी सातला ठेवलीय, दिवसा सगळे चिखलात. दोन बायका म्हणाल्यात की त्या सही करतील, पण आधी नवऱ्याला विचारून. दोघी विचारणार नाही म्हणाल्यात. त्या टाइप केलेल्या कागदाची झेरॉक्स काढून ठेवायची तर उद्या बाजाराला जावं लागेल, पऱ्या उतरला तर.